आईचं घर आवरताना

ताई, आई गेल्यावर तिचं घर रिकामं करताय, पण भंगारवाल्याला एवढ्यात बोलावू नका. आईच्या पिढीतल्या बायका पैसे ज्वारीच्या कोठीत, देव्हाऱ्याच्या फळीखाली, पेटीच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली ठेवत. कपाटातल्या सोलापुरी चादरींची घडी न् घडी उलगडा. वाकळेच्या कडा बोटांनी चाचपा, नोट असेल तर कागद करकरतो. सापडेल ते भावंडांसमोरच मोजा, वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, घरं इथंच फुटतात. जुनी पासबुकं फाडू नका. 10 वर्षं व्यवहार नसलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसांना त्या मागता येतात. अशा ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या वेबसाइटवर आईचं नाव टाकून शोधा. पोस्टाची खाती तिथं दिसत नाहीत, त्यासाठी पासबुक घेऊन पोस्टातच जा.