२०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला भारतातून जायचंय. आधी मॅचचं तिकीट काढावं की व्हिसा?

व्हिसाच्या मागे आधी लागा. मॅचचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही. तिकीटवाल्यांना अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत लवकर मिळावी म्हणून ‘फिफा पास’ची सोय आहे, पण छाननी तीच. कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. मेक्सिकोला मात्र अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो.

स्पर्धा ११ जून ते १९ जुलै, तीन देश, १६ शहरं. सगळीकडे धावायला जाऊ नका, विमानभाड्यातच कंबरडं मोडेल. मला विचाराल तर पूर्व किनारा धरा: बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि फायनलही तिकडेच, न्यू जर्सीत. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फिया रेल्वेने साधारण दीड तास. बोस्टनचं स्टेडियम मात्र शहरात नाहीच. ते फॉक्सबरोला, जवळपास ४५ किलोमीटरवर आहे. हॉटेल ठरवण्याआधी हे नक्की बघा, कारण मॅच संपल्यावर हजारो लोक एकदम परतीला निघतात.

तिकिटं फिफाच्याच साइटवरून घ्या, रीसेलसुद्धा तिथलीच. व्हॉट्सॲपवर तिकिटाचा स्क्रीनशॉट दाखवून ॲडव्हान्स मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.