लेकीला जीव लावणारे आई-वडील सोळाव्या वर्षी तिचं लग्न का ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की पारोळ्याकडच्या तुमच्या काकांनी नुकत्याच दहावी झालेल्या चुलत बहिणीचं लग्न ठरवलंय. काका तिला इतका जीव लावतात, मग असं का करतात आणि त्यांना समजवायचं कसं?

मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींच्या घरी जात असते, त्यावरून सांगते.

पोरीचं वाईट व्हावं असं वाटणारा बाप मला भेटलेला नाही. भेटतो तो घाबरलेला बाप. गावात शाळा दहावीपर्यंत, पुढे तालुक्याला एसटीनं जायचं, परतायला अंधार पडणार. कुणी पोरीचं नाव कुणाशी जोडलं तर? ‘लोके काय म्हनतीन?’ हे आई बापाच्याही आधी म्हणते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर वयात आलेली पोर आजीजवळ ठेवून पाच-सहा महिने बाहेर राहायचं कसं, हा प्रश्न खराच असतो. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. जोडी झाली की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. 2011 च्या जनगणनेत पारोळा ज्यात येतो त्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. त्याच मुली गेल्या काही वर्षांत दहावी-बारावीच्या वयात आल्या. मुली कमी म्हणून त्यांचा मान वाढला नाही, स्थळं मात्र लवकर यायला लागली. ‘हुंडा नको, खर्च आमचा, पोर तेवढी द्या’ म्हणत तिशीतल्या मुलाची माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि कर्जात बुडालेल्या बापाच्या तोंडून नाही निघत नाही. मला याचा फार संताप येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रिया राज्यात सुमारे 22 टक्के होत्या, धुळे जिल्ह्यात सुमारे 40.

म्हणून काकांना भेटल्याबरोबर कायदा ऐकवू नका. भीती कशाची वाटते ते विचारा. येण्याजाण्याची असेल तर गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, सोबतीला गावातल्या आणखी मुली जमवा. काकूंशी वेगळं बोला. कोवळ्या वयातलं बाळंतपण त्यांनी सोसलं असेल किंवा बहिणीचं जवळून पाहिलं असेल. त्या आतून तयार झाल्या की काकांचं मन वळायला वेळ लागत नाही. मग जावयाचा विषय काढा. अठराच्या आतली मुलगी गरोदर राहून दवाखान्यात गेली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं आणि पॉक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा गुन्हा नवऱ्यावर दाखल होतो. हे ऐकून बाप थबकतो, मी पाहिलंय.

तारीख धरली असेल तर मात्र थांबू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तर घाईघाईनं लग्नं उरकतात. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर तुमचं नाव गुप्त ठेवतात. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं असं लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हळदीच्या दिवसाची वाट न पाहता आधीच कळवा, म्हणजे बहिणीची मांडवात शोभा होणार नाही. आणि तो नंबर तिलाही देऊन ठेवा.