बडी घ्यावी, की आपला ग्रुप बरा?

प्रश्न : ताई, माझी लेक ऑक्टोबरच्या सत्राला जर्मनीत आखेनला मेकॅनिकलचं मास्टर्स करायला चालली आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात) ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसाही आला. आता विद्यापीठाने मेलवर विचारलंय, ‘बडी हवी का?’ म्हणजे नव्या मुलीला सुरुवातीला मदत करणारी तिथलीच विद्यार्थिनी. तिचे बाबा म्हणतात, तिथल्या मराठी मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, अनोळखी माणसाचे उपकार कशाला? लेकही संकोचते आहे. काय करावं?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, अर्ज आजच भरायला लावा. ग्रुप मात्र सोडू नका. तूरडाळ कुठे मिळते, कुणाची जुनी सायकल विकायची आहे, ते तिथेच कळतं. पण कागदपत्रांचं काही विचारलं की बारा जणांची बारा उत्तरं येतात, आणि त्यातली निम्मी ऐकीव.

मी २०१६ साली आखेनला गेले. चौघींचा फ्लॅट होता. महिन्याभरात माझ्या नावाने रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं जर्मन पत्र आलं. ग्रुपवर उत्तर मिळालं, ‘टीव्ही नाही ना? मग फाडून टाक.’ फाडायची हिंमत झाली नाही, म्हणून गादीखाली सारलं. तिसऱ्या पत्रात उशिराचा आकार लागला, तेव्हा ते घेऊन बडीकडे गेले. ती कोलोनजवळच्या गावची, बोलणं इतकं तुटक की पहिल्या भेटीत मला राग आला होता. तिने पत्र वाचलं आणि म्हणाली, ‘ही वर्गणी टीव्हीवर नाही, घरावर असते. घरातली एक कुणीतरी भरत असेल, तिचा वर्गणीचा नंबर लिहून त्यांना कळव.’ खरंच, एक जण भरत होती! तेव्हा महिन्याला १७.५० युरो होते, आता १८.३६ आहेत, तेही चौघींत वाटून.

परीक्षेचं तर लेकीने बडीला पहिल्याच भेटीत विचारावं. आपल्याकडे एटीकेटीची सवय असते. तिथे बहुतेक विषयांना तीनच प्रयत्न मिळतात, आणि सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं तर अभ्यासक्रमच सोडायची वेळ येते. प्रत्येक परीक्षेची पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची, तीही मुदतीत. कुणी मागे लागत नाही. म्हणून अर्जात ‘त्याच विभागातली, शक्यतो दुसऱ्या वर्षाची’ असं लिहायला सांगा. आदल्या वर्षी स्वतः ठेचकाळलेलीला खड्डे आठवत असतात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या दिवशी बडीला सोबत बोलवावं, पण आठवडाभर आधी वेळ ठरवून. बडी म्हणजे एजंट नव्हे. ती खोली शोधून देणार नाही, पैसे तर नाहीच नाही. विनामोबदला काम करणारी तीही विद्यार्थिनीच, तिच्याही परीक्षा असतात. सूर जुळला नाही तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला सांगून बदलून मागावी, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि बाबांना उपकाराचं ओझं वाटत असेल, तर लेकीच्या बॅगेत बडीसाठी जयसिंगपूरचं भडंग द्या. पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. भडंग तेवढं कमी तिखटाचं बघा.