बॉइंकवर टास्क सहा तास चाललाय, सीपीयू टाइम मात्र 40 सेकंद. बिघडलंय काय?

तुम्ही लिहिलंय की उबुंटूवर (लिनक्सवर) बॉइंक चालवता, म्हणजे आपला कॉम्प्युटर विज्ञानाच्या प्रोजेक्टांना गणितासाठी वापरू देणारा प्रोग्राम. टास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये इलॅप्स्ड टाइम (घड्याळाने गेलेला वेळ) सहा तासांवर गेलाय, सीपीयू टाइम (प्रोसेसरने खरोखर काम केल्याचा वेळ) 40 सेकंदांवर अडकलाय, पंखा जोरात फिरतोय आणि प्रोग्रेसची पट्टी पुढे सरकतेय. टास्क ॲबॉर्ट (मधेच रद्द) करावा का आणि क्रेडिट, म्हणजे कामाबद्दल मिळणारे गुण, बुडेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

ॲबॉर्ट करू नका, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही सांगितलेल्यापैकी मला पुराव्यासारखी वाटते ती एकच गोष्ट, पंखा. पट्टीवर मी भरवसा ठेवत नाही. काम किती झालं हे जो प्रोग्राम कळवतच नाही, त्याच्यासाठी बॉइंक अंदाजित वेळेवरून आपणच टक्के काढून दाखवतं. तो आकडा 100 च्या जवळ जवळ जात राहतो, पोचत मात्र नाही. त्यामुळे पूर्ण अडकलेला टास्कसुद्धा तासन् तास पुढे जातोय असं दिसतं.

तेव्हा बॉइंक मॅनेजरला (हे आकडे दाखवणाऱ्या खिडकीला) विचारण्यापेक्षा थेट लिनक्सला विचारा. टर्मिनल उघडून 'टॉप' ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड चालवा आणि बॉइंक या यूजरच्या नावावरच्या ओळी बघा. गणित करणारा प्रोग्राम सीपीयूच्या रकान्यात 95-100 टक्के घेत असेल आणि त्याच्या टाइमच्या रकान्यात साडेतीनशेच्या आसपास मिनिटं जमली असतील, तर काम व्यवस्थित चाललंय, फक्त मोजणी वर पोचत नाहीये. मधे मशीन रीस्टार्ट केलं असेल तर टॉपमधली मिनिटं कमी दिसतील, कारण तिथे प्रोसेस सुरू झाल्यापासूनचाच हिशेब असतो. आणि बॉइंकच्या नावावर काहीच हलत नसेल, तर पंखा दुसऱ्याच कशाने तरी फिरतोय (बहुतेक वेळा ब्राउझर!) आणि टास्क खरंच मेलाय. मग खुशाल ॲबॉर्ट करा.

तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारचं असावं. ते घडतं कसं ते सांगतो.

बरेच प्रोजेक्ट आपला जुना, आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम बॉइंकसाठी नव्याने लिहीत नाहीत. मधे 'रॅपर' नावाचा छोटा प्रोग्राम बसवतात. बॉइंक रॅपरला सुरू करतं, रॅपर खऱ्या प्रोग्रामला सुरू करतो आणि वेळेचा हिशेबही तोच वर पाठवतो. आता रॅपरने सुरू केलेली गोष्ट ही नुसती शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) असेल, आणि त्या स्क्रिप्टने पुढे पायथन किंवा आणखी काही सुरू केलं असेल, तर काही वेळा रॅपरला फक्त स्क्रिप्ट दिसते. मुकादमाने स्वतःची हजेरी लावावी आणि मजुरांची विसरावी, तसलाच प्रकार. तुमचे 40 सेकंद हे त्या स्क्रिप्टचे असणार.

खात्री करायची असेल तर 'पीएसट्री' ही कमांड चालवून कोणत्या प्रोसेसने कोणती सुरू केली, म्हणजे कोणाच्या पोटात कोण आहे, ते बघा. रॅपरच्या खाली एकाऐवजी दोन-तीन पायऱ्या दिसल्या की समजायचं. त्याहून खोलात जायचं असेल तर 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'स्टॅट' नावाची फाइल असते. तिच्यातला 14 वा आकडा यूजर टाइम, 15 वा सिस्टिम टाइम. सहसा 100 ने भागलं की सेकंद मिळतात. 16 वा आणि 17 वा आकडा मुलांच्या, म्हणजे त्या प्रोसेसने सुरू केलेल्या प्रोसेसच्या, वेळेचा, पण तो आई-प्रोसेसच्या खात्यावर कधी जमा होतो? मूल संपल्यावर आणि आईने त्याची वाट पाहून दखल घेतल्यावर. तोवर शून्य. म्हणूनच काही टास्कमध्ये सीपीयू टाइम तासभर हलत नाही आणि एक टप्पा संपला की एकदम उडी मारतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे, ती मला जास्त आवडते. मॅनेजरमधून टास्क सस्पेंड करा आणि टॉपवर नजर ठेवा. गणित करणारा प्रोग्राम तरीही पळतच राहिला, तर निकाल लागला: रॅपरला तो माहीतच नाही, म्हणून त्याला थांबवताही येत नाही. याचा त्रास मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा आहे, कारण लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि बॉइंकने काम थांबवलं म्हटलं, तरी आत भट्टी चालूच. प्रोजेक्टवाल्यांसाठी यावरचा उपाय छोटा आहे. रॅपरच्या जॉब फाइलमध्ये (त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) 'मल्टी प्रोसेस' अशी खूण टाकली की तो खालच्या सगळ्या पिढ्यांना सस्पेंड करतो. तुमच्या बाजूने यात बदलण्यासारखं काही नाही. बॉइंक पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) टास्कमध्ये सीपीयू टाइम अगदी कमी असणं हा बिघाड नव्हे, गणित दुसरीकडे होतंय. उलट चार थ्रेडवर चालणाऱ्या टास्कचा सीपीयू टाइम इलॅप्स्डच्या जवळपास चौपट दिसला तर तेही बरोबरच आहे. आणि सीपीयू टाइम इलॅप्स्डच्या निम्म्यावर रेंगाळत असेल, तर शक्यतो मोजणीत चूक नसते. बॉइंकचे टास्क सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर चालतात, त्यामुळे दुसरं काही जड चालू असलं किंवा रॅम कमी पडून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झालं की ते ताटकळत बसतात.

आता क्रेडिट. पूर्वी सीपीयू टाइम गुणिले बेंचमार्क (मशीनच्या वेगाचा मोजलेला आकडा) असा क्रेडिटचा दावा लावला जायचा, तेव्हा असे 40 सेकंद चांगलेच महागात पडले असते. 2010 मध्ये आलेल्या पद्धतीत हिशेब इलॅप्स्ड टाइमवरून होतो, आणि आइनस्टाइन ॲट होमसारखे प्रोजेक्ट तर ठरावीक कामाला ठरावीक क्रेडिट देतात. वेळ खरोखर मोलाचा ठरतो तो वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडसारख्या ठिकाणी, जिथे बॅज जमा झालेल्या रन टाइमवर मिळतात. बाकी बहुतेक ठिकाणी तुमचं काही बुडणार नाही.

टास्क पूर्ण होऊ द्या. मग प्रोजेक्टला कळवताना टास्कचा क्रमांक, पीएसट्रीचा निकाल, टॉपमधली मिनिटं आणि सस्पेंड केल्यावर काय झालं, एवढं लिहा. पीएसट्री आणि टॉपचं टास्क चालू असतानाच कॉपी करून ठेवा, संपल्यावर त्या प्रोसेस उरत नाहीत. नुसतं 'सीपीयू टाइम चुकीचा दाखवतो' असं लिहिलंत तर पहिलं उत्तर 'क्लायंट अपडेट करून बघा' असंच येईल.