ताप नाही, पू नाही, तरीही सिस्टर काळजीत का असतात?

प्रश्न : माझ्या आईचे दुसरे केमो दहा दिवसांपूर्वी झाले. काल रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी १,२०० आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३० टक्के निघाले. सिस्टरांनी बजावले आहे, की ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही आणि पारा १००.४ वर पोहोचला तर रात्री दोन वाजले असले तरी निघून यायचे. आईच्या हाताला इंट्राकॅथ (औषध देण्यासाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) लावली होती ती जागा थोडी दुखते, पण तिथे लाली नाही आणि पूही नाही. मग एवढी घाई कशासाठी? शिवाय मावशीने रामकुंडावरून तीर्थ आणले आहे आणि निफाडहून द्राक्षांची पेटी आली आहे. ते आईला द्यावे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : लाली नाही आणि पू नाही म्हणून तुम्हाला धीर वाटतो, सिस्टरांना मात्र तेवढ्यावर धीर धरता येत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे.

आधी आकडा पाहू. १,२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०. एका मायक्रोलीटर रक्तात न्यूट्रोफिल पेशींची संख्या साधारणपणे १,५०० च्या वर असावी लागते आणि ती ५०० च्या खाली घसरली की जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो. अहवालावर ही संख्या पुष्कळदा स्वतंत्र छापलेली नसते, म्हणून हा छोटासा हिशेब घरच्यांनीही शिकून ठेवावा, असे मी प्रत्येक केमोच्या रुग्णाच्या नातेवाइकांना सांगते. या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, तयार होतात. निरोगी प्रौढाची अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल घडवते, कारण त्यांचे आयुष्य फार थोडे असते. केमोची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात, तशी ही अस्थिमज्जाही सापडते. नवा पुरवठा मंदावतो, जुन्या पेशी संपत जातात आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान संख्या सर्वांत खाली येते. तुमच्या आईचा दहावा दिवस नेमका त्यातच येतो.

आता पुवाबद्दल. पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकते आणि पुढे पिकते. हे पिकणे शरीराचे स्वतःचे काम आहे. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, तेव्हा त्या काट्याभोवती अळीच्या फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या शोधासाठी त्याला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माणसात अशा ठिकाणी सर्वांत आधी धावून येतात त्या न्यूट्रोफिल, आणि पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. ज्या रक्तात त्या पेशीच नाहीत, तिथे जंतू वाढत असले तरी जखम पिकणार नाही, सुईची जागा फारशी लाल होणार नाही, न्यूमोनिया झाला तरी बेडका पडेलच असे नाही आणि लघवीच्या तपासणीत पू-पेशी दिसतीलच असेही नाही.

अशा रुग्णात बहुधा एकच खूण उरते आणि ती म्हणजे ताप, कारण संसर्गाचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या इतर पेशी अजून थोड्याफार शाबूत असतात. पॅरासिटामॉल ती एकुलती एक खूणही पुसून टाकते. म्हणूनच आधी थर्मामीटर. पारा एकदा १०१ वर गेला किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर हा तातडीचा प्रसंग समजतात आणि रुग्ण दारात आल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा प्रयत्न असतो. तुम्हाला सिस्टरांनी तासभर वाट पाहायला सांगितलेले नाही, हे ध्यानात ठेवा. अंगाला थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसतानाही निघा. आईचा ताप गुदद्वारातून कधीही मोजू नका, तिथल्या नाजूक त्वचेला ओरखडा गेला तरी जंतूंना वाट मिळते.

मी नवी होते तेव्हा एका रुग्णालयातल्या वॉर्डात अशाच एका रुग्णाच्या चार्टवर ‘जखम स्वच्छ, पू नाही’ असे लिहून मी निश्चिंत झाले होते. पहाटे त्यांचा रक्तदाब कोसळला. रुग्ण वाचले, पण त्या रात्री ते दोन वेळा ‘सिस्टर, इथे दुखतंय’ असे म्हणाले होते आणि ते मी चार्टवर लिहिले नव्हते. तुमच्या आईची सुईची जागा दुखते, एवढे सांगणेही पुरेसे आहे. ते आजच सिस्टरांना फोन करून सांगा.

तीर्थ देवापुढे ठेवा, आईला पिण्यास देऊ नका. गोदामाईवरची श्रद्धा माझ्याही घरात आहे, परंतु वाहत्या नदीच्या उघड्या पाण्यातले जंतू जिरवायला लागणारे बळ आईच्या अंगात सध्या नाही. द्राक्षे फेकून देण्याची गरज नाही. कच्चे अन्न पूर्ण बंद केल्याने संसर्ग घटतात, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. फळ नीट धुतलेले असणे महत्त्वाचे आहे. घडातून मणी सुटे करून वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली चोळून धुवा आणि फुटलेला, मऊ पडलेला मणी काढून टाका. तुमच्या डॉक्टरांनी कच्ची फळे बंद सांगितली असतील, तर मात्र त्यांचेच ऐका.

प्रश्न : सासरे ८२ वर्षांचे आहेत, अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांना लघवीची नळी घातली आहे. घरी येणाऱ्या सिस्टर ताप पाहतात, पण त्याआधी ‘आजोबा आज माणसं ओळखतात ना? सकाळी किती खाल्लं?’ असे विचारतात. याचा आजाराशी काय संबंध?
— एक सून, सिडको

उत्तर : फार जवळचा संबंध आहे. वय वाढते तशी प्रतिकारशक्तीही म्हातारी होते आणि जंतू शिरल्यावर ती पूर्वीसारखा मोठा आवाज करत नाही. अनेक वृद्धांचे रोजचे तापमानच कमी असते, त्यामुळे ९९.५ हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटतो, परंतु ज्यांचे नेहमीचे तापमान ९७.२ आहे त्यांच्या दृष्टीने तो ताप असतो. नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइट वाढ झाली की सावध व्हावे. म्हणून ते बरे असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवा. ती वही पुढे फार उपयोगी पडेल. वृद्धांमध्ये संसर्गाची पहिली खूण पुष्कळदा वागण्यात दिसते : कालपर्यंत नातवाला हाक मारणारे आजोबा आज भलतेच काही बोलू लागतात, दिवसभर गुंगीत राहतात किंवा घास तोंडात धरून बसतात. त्यांचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. तो मिनिटाला २५ च्या वर गेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

नळीबद्दल एवढेच, की पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी, आणि नळीला हात लावण्याआधी व नंतर साबणाने चांगले ४० सेकंद हात धुवावेत. त्वचा आणि मूत्रमार्गाचे अस्तर हीच शरीराची पहिली भिंत असते आणि नळी त्या भिंतीत पाडलेले भोक आहे. ती अजून लागते आहे का, हे डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारायला संकोचू नका.

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात नातेवाईक विचारतात, ‘प्रतिकारशक्ती वाढवायला कोणता काढा द्यायचा?’ त्यांना काय सांगावे?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : आधी रुग्णाची साखर किती आहे ते पाहा. साखर सतत चढलेली असेल तर न्यूट्रोफिल संख्येने पुरेशा असूनही आपले काम नीट करत नाहीत, आणि ती आटोक्यात आणल्याने जो फरक पडतो तो काढ्याने पडत नाही. त्यानंतर पोटात पुरेशी प्रथिने जातात का हे विचारा, कारण जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ही प्रथिनेच असतात. डाळ, अंडे, दूध, पनीर यांपैकी जे त्यांच्या घरात चालते ते सुचवा. वॉर्डातली झोपही सांभाळा आणि रात्रीची कामे शक्य तिथे एकाच फेरीत उरका. प्रतिकारशक्ती नुसती वाढली की चांगले, असेही नसते. काही प्रकारच्या संधिवातात तीच आपल्या सांध्यांवर उलटते आणि मग तिला आवरण्यासाठी औषधे द्यावी लागतात. अशा औषधांवर किंवा केमोवर असलेल्या रुग्णाला गोवरासारखी जिवंत विषाणूची लस टोचत नाहीत, परंतु घरच्यांनी फ्लूची लस टोचून घेतली तर रुग्णाचेही रक्षण होते, हे नातेवाइकांना जरूर सांगा. काढा आधीच चालू असेल तर रागावू नका. त्यात काय काय घातले आहे ते विचारून केसपेपरवर लिहा आणि डॉक्टरांच्या राउंडला दाखवा.