एंटर मारला की बिल रद्द होतं? बटणांचा क्रम बघा

तुम्ही लिहिलंय की औषधाच्या दुकानासाठी केलेल्या बिलिंग फॉर्ममध्ये नग टाकून एंटर मारला की बिल सेव्ह व्हायचं सोडून रद्दच होतं, म्हणून आता अख्ख्या पानावर एंटर बंद करणार आहात. तेवढं करू नका.

मी करून बसलोय. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका होलसेलवाल्याच्या पानावर कीडाउन (कळ दाबली की उठणारा इव्हेंट) पकडून सगळे एंटर गिळले होते. दुसऱ्याच दिवशी फोन. काउंटरवरचा मुलगा माउसला हात लावत नाही, त्याचं सगळं नग-एंटर, नग-एंटर. पत्त्याच्या टेक्स्टएरियात (अनेक ओळींच्या बॉक्समध्ये) नवी ओळ येईना, टॅबने बटणावर जाऊन एंटर मारला तरी बटण ढिम्म. संध्याकाळी मरीन लाइन्सला उतरून गुपचूप सगळं काढून आलो.

तुमचा घोळ वेगळाच दिसतोय. बॉक्समध्ये एंटर दाबला की ब्राउझर त्या फॉर्मचं पहिलं सबमिट बटण (फॉर्म पाठवणारं) दाबतो. पहिलं म्हणजे एचटीएमएलमध्ये, पानाच्या मूळ कोडमध्ये, पहिलं. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) ते कुठेही सरकवा, फरक पडत नाही. आणि बटण टॅगला टाइप दिला नसेल तर तो सबमिटच धरला जातो. तुमचं 'रद्द करा' बहुधा असंच बिनटाइपचं वर बसलंय. त्याचा टाइप 'बटन' करा.

सबमिट बटण मुळातच काढून टाकायची युक्तीही कोणीतरी सुचवेल. तिचा भरवसा नाही: फॉर्ममध्ये एकच बॉक्स असेल तर बटणाशिवायही एंटरने फॉर्म जातो. एका बॉक्सची ही सवय 1995 च्या एचटीएमएल 2.0 पासूनची आहे.

बारकोड स्कॅनर लावणार असाल तर तो बहुतेक वेळा कोडच्या शेवटी स्वतःच एंटर पाठवतो. तेव्हा फक्त त्या बॉक्सच्या कीडाउनवर प्रिव्हेंटडिफॉल्ट करा (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवा), बिलात ओळ वाढवा, फोकस (कर्सर) परत तिथेच आणा. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाइप होत असेल आणि त्या बॉक्सवरही स्वतःचा एंटर लावला असेल, तर आधी इव्हेंटचं इझकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय का) तपासा. नाहीतर शब्द निवडायला मारलेला एंटरही तुमचा कोड पकडेल.

कोडमधून फॉर्म पाठवताना सबमिट() नको, रिक्वेस्टसबमिट() वापरा. सबमिट() ना रिकामे रकाने तपासतो, ना सबमिट इव्हेंट उठवतो. आणि घाईत दोनदा एंटर बसून दोन बिलं होत असतील तर पहिल्या सबमिटला सेव्हचं बटण डिसेबल करा. पहिलं बटण डिसेबल असलं की एंटर दुसऱ्या बटणाकडे वळत नाही, तिथेच अडतो.