नवी मुंबईतल्या नेरुळच्या तलावात फ्लेमिंगो भरतीच्या वेळीच का येतात? खाडीचं पाणी आत यायचं थांबलं तर काय होईल?

भरतीला ठाणे खाडीतला चिखलपट्टा पाण्याखाली जातो, म्हणून ते उथळ तलावात येतात. खाडीचं पाणी बंद झालं तर तलाव त्यांच्या कामाचा राहणार नाही. इथे येणाऱ्या दोन जातींपैकी छोटा फ्लेमिंगो चोच उलटी धरून सूक्ष्म शेवाळं गाळून खातो, मोठ्या फ्लेमिंगोला बारीक कोळंबीवर्गीय जीवही लागतात. हे सगळं भरतीसोबत येणाऱ्या गाळावर आणि तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) कुजलेल्या पाल्यावर पोसतं. पाण्याची वाट बुजली की तलाव उन्हाळ्यात आटतो, किंवा सांडपाणी साचून शेवाळ माजतं, रात्री प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. त्यामुळे आधी भरतीचं पाणी आत पोचतंय का ते तपासा. पावसाळ्यात मात्र पक्षी दिसले नाहीत तर तो तलावाचा दोष समजू नका. तेव्हा बहुतेक स्थलांतर करून गेलेले असतात.